गव्हातल्या पुरचुंड्या

घरात मला सगळे भित्रा म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. बाहेर पडताना गॅसची कळ एकदा बघून माझं भागत नाही. जिना उतरून खाली आलो की परत वर जातो. रस्त्यात कुठं लोंबकळणारी तार दिसली की गाडी पार दुसऱ्या अंगाला घेतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आई म्हणायची. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझी भीती हा हक्काचा विनोद होता. पोहायला शिकवताना मी विहिरीच्या कपारीला घोरपडीसारखा कसा चिकटून बसलो होतो, हे ते आजही पाव्हण्यारावळ्यांना रंगवून सांगतात. मी हसतो. इतक्या वर्षांत हसायची सवय झाली आहे.

असा मी लासूर स्टेशनला एका खासगी धान्य गोदामात सुपरवायझर आहे. तिथं माझ्या भित्रेपणाला पगार मिळतो. गव्हाच्या पोत्यांच्या थप्प्या माणसाच्या चौपट उंच असतात, आणि त्यांना कीड लागू नये म्हणून वरून जाड प्लास्टिकचं आवरण घालून आत धुरीच्या गोळ्या ठेवतात. गोळीला हवेतला ओलावा लागला की तिच्यातून वायू सुटतो आणि आवरणाखाली जे जिवंत असेल ते मरतं. कडेनं वाळूच्या लांबलचक पिशव्या दाबून ठेवायच्या, दारावर कवटीची पाटी लावायची, आवरण निघेपर्यंत आत कुणाला पाऊल टाकू द्यायचं नाही. हे काम परवाना असलेली माणसं येऊन करतात. माझं काम दारं बंद ठेवण्याचं. पहिल्या वर्षी त्यांच्यातल्या एकानं मला सांगितलं होतं, की साहेब, सापाच्या विषाला उतारा असतो, याला नाही. त्या दिवसापासून मी त्या थप्प्यांकडे पाठ करून उभा राहत नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गव्हाला फार मान आला होता. दूरवर दोन देशांत युद्ध पेटलं, दोन्ही देश जगाला गहू पुरवणारे, आणि अचानक आमच्या लासूरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली. ज्या देशांची नावं नीट उच्चारता येत नाहीत त्या देशांत आपला गहू खाणार, या गप्पा हमालांपासून चहावाल्यापर्यंत सगळे करत होते. मार्चातच ऊन असं पेटलं होतं की गव्हाचा दाणा बारीक राहिला, तरी भाव चढतच होता. मग मे महिन्यात एक दिवस सकाळी कामावर आलो तर निर्यात बंद. भरलेले ट्रक मागं फिरले. बाहेर जाणारा गहू आमच्या गोदामात येऊन बसला, कधी हलणार ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि इतका माल इतके दिवस टिकवायचा म्हणजे धुरी आलीच.

त्याच दिवसांत आबा बाजाराला आले होते, ते मला भेटायला गोदामावर आले. मी त्यांना दारातच उभं केलं. नुकतंच आवरण काढून, पंखे लावून हवा खेळवलेली एक थप्पी त्यांनी दुरून बघितली. मूठभर गहू मागितला. तळहातावर घेऊन फुंकर मारली, दाणे बोटानं सरकवले, चष्मा वर करून किडा दिसतो का ते बघितलं.

"एक सोंडा नाय," ते म्हणाले.

"नसणारच. धुरी दिलेली आहे."

"आमच्या गव्हात कसे निघतेत मग?"

यातलं दुखणं मला ठाऊक होतं. आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीला दरवर्षी माहेरच्या शेतातला गहू जातो. वर्षाचा. बाजारात कितीही मिळो, हा जायलाच हवा. माझी थोरली बहीण, ताई, शहरात उस्मानपुऱ्यात राहते. तिच्या घरी आबा स्वतः पोती शिवून पाठवतात, आणि प्रत्येक पोत्यात, आजी करायची तसं, कडुलिंबाचा वाळला पाला आणि बिब्बे जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी मधोमध खुपसतात. मागच्या वर्षी पाऊस लांबला, गव्हाला ओल लागली आणि दिवाळीआधीच पोत्यांतून सोंडे चालायला लागले. ताईची सासू तशी वाईट नाही, पण बोलून गेली, "माहेरचा गहू आला खरा, पण चालत आला." ताईनं हसण्यावारी नेलं आणि आम्हांलाही हसत सांगितलं. आबा हसले नाहीत.

"दोन-चार गोळ्या मला दे," ते म्हणाले.

मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणालो नाही, तर बाजूला बसवून सगळं सांगितलं. हे विष आहे, बंद खोलीत माणूस मरतो, घरातल्या धान्यात हे चालत नाही. आबा ऐकत होते, पण त्यांच्या डोळ्यांत मला विहिरीची कपार दिसायला लागली. शेवटी ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "सगळ्या दुनियेला जाणारा गहू किडत नाय. माझ्या लेकीचाच का किडावा?" मला वाटलं विषय संपला.

पुढं ताईकडचा गहू गेला. गावातल्या एकाचा पिकअप शहरात चालला होता, त्यात आबांनी पाच पोती चढवली. दोन-तीन दिवसांनी दुपारी मी गोदामाच्या ऑफिसात डबा खात होतो आणि आबांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"ताईचा फोन आलता का? पोती लागली जागेला?"

"लागली असतील."

"ह्या बारीला बोलायला जागा नाय ठिवली. बिब्बे घातलेच नाय."

मी घास खाली ठेवला. "मग काय घातलं, आबा?"

"तुमचंच औषध. तू नाय दिलं तर दुनियेत दुसरं कुनी देत नाय व्हय? चांगल्या पुरचुंड्या बांधून मधी घातल्या. घट्ट."

त्यांना काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझे हात वरणभातानं भरलेले होते आणि त्याच हातांनी मी ताईचा नंबर लावत होतो. ती एका पतसंस्थेत कॅशिअर आहे, कामाच्या वेळी तिचा फोन ड्रॉवरमध्ये असतो. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मग घरच्या फोनवर लावला, तर तोही कुणी उचलेना. उन्हाळ्यातली दुपार, सगळे आडवे झाले असतील, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि आडवे झाले असतील हे शब्द मनात आले की परत नंबर फिरवत होतो.

शेवटी ताईनं उचलला.

"पोती कुठं ठेवलीत?"

"मधल्या खोलीत. का रे?"

मधल्या खोलीत तिची नणंद होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून त्या खोलीची खिडकी बंद होती, फटींना चिंध्या कोंबलेल्या होत्या, दारावर जाड चादर होती. मी बारशाचं विचारायला म्हणून आठ दिवसांपूर्वी जाऊन आलो होतो, तेव्हा हे सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. त्या खोलीत सकाळ-संध्याकाळ शेगडीवर ओवा, बाळंतशोपा आणि लसणाच्या साली टाकून बाळ-बाळंतिणीला शेक-धुरी चालायची. अख्ख्या घराला लसणाचा वास यायचा.

आणि आमच्या गोदामातल्या वायूला वास असतो तो लसणासारखाच. गळती झाली तर नाकाला कळावं म्हणून तेवढीच एक खूण. त्या घरात ती खूण कुणाच्या लक्षात येणार होती?

"नणंद कशी आहे?" मी विचारलं.

"कालपासून डोकं लई दुखतंय म्हणायलीय. आज सकाळी उलट्या झाल्या. सासूबाई म्हणतेत डिंकाचे लाडू उष्ण पडले. अरे पण का?"

मी सांगितलं. जमेल तितक्या कमी शब्दांत सांगितलं, आणि इतक्या भराभर सांगितलं की तिला अर्धंच कळलं असावं. सगळ्यांना बाहेर काढ, दारं-खिडक्या उघड, पोत्यांना हात लावू नको. मला वाटलं आता ती म्हणेल, तुझं आपलं काहीतरीच. आमच्या घरात माझ्या बोलण्यावर हेच उत्तर असतं. पण ती म्हणाली, "निघाले," आणि फोन बंद झाला.

त्यानंतर तिचा फोन लागला नाही.

लासूर ते उस्मानपुरा हा रस्ता मी शेकडो वेळा गेलो आहे. मोटारसायकलवर तासाभराचा रस्ता, त्या दिवशी तो संपत नव्हता. ऊन असं होतं की समोरचं डांबर पाण्यासारखं हलत होतं. मी हेल्मेट घातलं नव्हतं, आणि ही गोष्ट मला माळीवाडा ओलांडल्यावर लक्षात आली. मी, जो गल्लीतल्या किराणा दुकानात जाताना हेल्मेट घालतो. डाव्या हाताला देवगिरीचा डोंगर आला आणि गेला. मनात एकच हिशेब चालू होता आणि तो मला नको होता. पोती परवा उतरली. शिवलेल्या तोंडातून वायू हळूहळू सुटणार. बंद खोली. बाळ मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेतं. लहान जीव, जमिनीलगतचं अंथरूण. गोदामात शिकवलेलं एकेक वाक्य आठवत होतं आणि एरवी मला पाठ असल्याचा अभिमान वाटणारी ती वाक्यं त्या वेळी पुसून टाकावीशी वाटत होती.

पडेगावला फाटकी ताडपत्री लावलेला एक ट्रक पुढं होता. त्यातून गहू सांडत होता, रस्त्याच्या कडेला कबुतरं जमली होती. मी हॉर्न वाजवत त्याच्या बाजूनं गाडी काढली. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर ते येईना, तोंडात सारखं एकच येत होतं, खिडकी उघड, ताई, खिडकी उघड.

गल्लीच्या तोंडाशीच मला गर्दी दिसली. गाडी कशी उभी केली माहीत नाही. घराची सगळी दारं सताड उघडी होती. मधल्या खोलीच्या खिडकीतल्या चिंध्या रस्त्यावर पडल्या होत्या. कानाला रुमाल बांधलेली नणंद रिक्षात आडवी होती, तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि ताई तिच्या डोक्याशी बसत होती. ताईच्या सासूबाई रिक्षाचा दांडा धरून उभ्या होत्या. नंतर शेजारच्या बाईनं सांगितलं, की ॲम्ब्युलन्सची वाट बघण्यात वेळ गेला म्हणून शेवटी रिक्षा बोलावली, आणि त्याआधी सासूबाई खिडकीच उघडू देत नव्हत्या. ओली बाळंतीण आहे, वारं लागलं तर जन्माचं दुखणं लागेल, असं म्हणत त्या खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या होत्या. लग्न होऊन बारा वर्षं झाली, ताई कधी त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं त्यांना दंडाला धरून बाजूला केलं आणि कोपराच्या धक्क्यानं खिडकीची अडकलेली झडप उघडली.

"बाळ?" मी विचारलं.

ताईनं मान वळवली. लिंबाच्या झाडाखाली तिचे सासरे बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे मिटलेलं. म्हातारा माणूस, ऐकायला कमी येतं त्यांना, ते माझ्याकडे बघून म्हणाले, "झोपलाय."

मी गुडघे टेकून बसलो. छातीवर हात ठेवायचं धाडस होईना. आमच्याकडे पाजायच्या वेळी बाळ झोपून राहिलं तर तळपायावर टिचकी मारून उठवतात. मी दुपटं सोडलं आणि टिचकी मारली. काही झालं नाही. आणखी एक मारली. पाय गरम होता, पण तो हलला नाही. मी तिसऱ्यांदा जोरात मारली, इतक्या जोरात की एरवी कुणी मारू दिली नसती, आणि त्या पोरानं तोंड वाकडं केलं, श्वास ओढला, आणि रडला. बारीक, चिडलेला आवाज. सासऱ्यांनाही तो ऐकू गेला. मी तिथंच मातीत बसून रडलो आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

बाळाची झोळी दारातल्या कडीला टांगलेली असायची. खोलीत दुसरी कडीच नव्हती. चादरीच्या खालून येईल तेवढी हवा त्याला मिळत राहिली, एवढंच काय ते त्याचं नशीब.

दवाखान्यात डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आधीच माहीत होतं. उतारा नाही, हृदयाला आणि फुप्फुसाला सांभाळत राहायचं, वाट बघायची. नणंदेला आत नेलं, बाळालाही देखरेखीला ठेवलं. मी तिथं थांबू शकलो नाही. पोती अजून खोलीतच होती. गोदामातून वायूचा मास्क मागवून घेतला आणि दिवस मावळायच्या आत ती एकेक गच्चीवर ओढली. शिवण उसवून हात घातला, तर मधोमध पुरचुंडी. गोळ्यांची राखाडी भुकटी झाली होती. फडकं आबांच्या जुन्या धोतराचं होतं, कडेची बारीक निळी किनार मी ओळखली. प्रत्येकीला तीच गाठ होती, दोन वेढे आणि एक फास, जशी ते बिब्ब्यांच्या पुरचुंडीला बांधायचे. पाचही पोत्यांत एकसारखी. इतक्या प्रेमानं कुणी मरण बांधून पाठवलेलं मी बघितलं नव्हतं. मला त्यांचा राग येत होता आणि त्या गाठी सोडवताना हात जड होत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं आबा आले. वर वॉर्डात आले नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर बाजूला बसून राहिले, टोपी हातात धरून. मी चहा आणला, त्यांनी घेतला नाही. "तू सांगितलं व्हतं," एवढंच म्हणाले. आयुष्यभर मला त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. ते ऐकून मला काहीच बरं वाटलं नाही. उलट वाटलं, त्यांनी परत विहिरीची गोष्ट काढावी.

ताईच्या सासूबाई डबा घेऊन आल्या. त्यांना बघून आबा उठून उभे राहिले आणि खाली बघत राहिले. सासूबाईही उभ्या राहिल्या. त्या रात्रभर रडल्या होत्या हे दिसत होतं. मला वाटलं आता त्या बोलतील, आणि बोलल्या तर त्यांचा हक्कच होता. त्या म्हणाल्या, "मागल्या साली मी तसं बोलायला नको व्हतं." मग डब्याची पिशवी आबांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धरा, मला जिना चढवत नाय." दोघं मिळून वर गेले.

नणंद वाचली. बरेच दिवस दवाखान्यात होती. बाळही सुखरूप घरी आलं. पाच पोती गहू आबांनी गावी परत नेला. वायू उडून गेल्यावर धुतलेला, उन्हात घातलेला गहू खाता येतो, हे मला माहीत आहे, जगभर तसाच खातात. पण त्या घरात तो कुणाच्या घशाखाली उतरला नसता. गुरांनाही घातला नाही. ज्या वर्षी कुठले कुठले देश गव्हासाठी आपल्याकडे बघत होते, त्या वर्षी आबांनी बांधाच्या कोपऱ्यात खड्डा खणून तो पुरला. अन्न मातीत घालताना त्यांनी हात जोडले, असं चुलत्यानं सांगितलं.

मी अजून त्याच गोदामात आहे. थप्प्या अजून तेवढ्याच उंच आहेत. कुठं फोडणीत लसूण पडला की माझं लक्ष आधी खिडकीकडे जातं. बायकोनं आता त्यावर बोलणं सोडलं आहे, माझ्याआधी तीच उठून खिडकी उघडते.

पुढच्या वर्षी गहू निघाला तेव्हा आबांनी विषय काढला नाही. आम्हांलाही वाटलं, राहू दे, ताई बाजारातून घेईल. पण एक दिवस ताईच्या सासूबाईंचा आबांना फोन आला, की विहीणबाय बोलायलीय, औंदा गहू कधी धाडता? आबांनी पोती भरली. मी त्या दिवशी मुद्दाम गावी गेलो होतो. त्यांनी पुरचुंड्या बांधल्या आणि प्रत्येक बांधण्याआधी फडकं माझ्यासमोर उघडून धरलं. पाला आणि बिब्बे. मी मान हलवली की मग ते गाठ मारायचे.

गणपतीच्या सुमारास ताईचा फोन आला. मी गावीच होतो, आबा शेजारी बसले होते, मी स्पीकर लावला.

"आबा, गव्हात सोंडे झालेत," ती म्हणाली.

आबा फोनवर वाकले. "जिते हायेत का?"

"व्हय. चालायलेत."

आबांनी डोळे मिटले. पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "चालू द्या म्हणावं. आमी निवडून घेताव."